मेंदूचे भाग आणि माणसाचा स्वभाव

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)





संस्थेच्या चिटणीसांनी मला विचारले, "तुम्ही बँकेत आहात, तेव्हा बचतीवर बोला." मी म्हणालो, बचतीवर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतेच, या वेळी मला मेंदूवर बोलू द्या. ते थोडे चपापले. त्यांचे चपापणे रास्त होते. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. बँकेच्या काउंटरवर बसून लोकांच्या सह्या ताडून पाहणे हे माझे रोजचे काम. पण या सह्यांनीच मला या विषयाकडे नेले. ते कसे, हे आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नोव्हेंबर महिना होता. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे बँकेत पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत एक वयस्क गृहस्थ माझ्यासमोर आले. त्यांचे नाव सांगत नाही, आपण त्यांना अण्णा म्हणू. पैसे काढण्याच्या स्लिपवर त्यांनी केलेली सही नमुना सहीशी मुळीच जुळत नव्हती. अक्षरे वेडीवाकडी, लहान मुलाने काढावी तशी. मी म्हणालो, "आजोबा, सही जुळत नाही. नीट करा." ते म्हणाले, "बरं बरं." मी विचारले, "पासबुक आणलंय का?" ते म्हणाले, "बरं बरं." मला वाटले, यांना ऐकू येत नाही. मी आवाज चढवला. रांगेतले चारजण वळून पाहू लागले. अण्णांचे डोळे भरून आले, ओठ हलले, आणि पुन्हा तोच शब्द बाहेर पडला, "बरं बरं." मी स्लिप परत केली आणि पुढच्या माणसाला बोलावले.

दुसऱ्या दिवशी त्यांची पत्नी आली. ती माऊली भांडली नाही. एवढेच म्हणाली, "साहेब, ह्यांना ऐकू येतं. समजतंसुद्धा सगळं. अर्धांगवायूनं उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सही डाव्या हातानं केली होती त्यांनी. रात्रभर घरी गिरवत होते."

बंधूंनो, मी त्या दिवशी खाली मान घातली. आमच्या अधिकाऱ्यांनी मला नियम दाखवला. आजारी किंवा अपंग खातेदाराला सही करता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर, ज्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो, अंगठा घेऊन पैसे देता येतात. नियम होता. मला तो माहीत असायला हवा होता. पण नियमापेक्षाही मोठी गोष्ट मला माहीत नव्हती. माणसाला सगळे समजत असते आणि तरी त्याच्या तोंडून एकच शब्द येऊ शकतो, हे मला ठाऊकच नव्हते. त्या लाजेपोटी मी ग्रंथालयातून पुस्तके आणली, ओळखीच्या डॉक्टरांना शंका विचारल्या. त्यातून जे समजले ते आपल्यासमोर ठेवतो.

मेंदूची ओळख

आपल्या मेंदूचे वजन साधारण तेराशे ते चौदाशे ग्रॅम असते. म्हणजे शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग. पण आपण बसून असतानाही शरीराला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश ऊर्जा हा एकटा खातो. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि एकेक पेशी हजारो पेशींशी जोडलेली आहे.

या मेंदूचे ढोबळ तीन भाग आपण शाळेत शिकलो. मोठा मेंदू म्हणजे प्रमस्तिष्क, लहान मेंदू म्हणजे अनुमस्तिष्क, आणि खाली पाठीच्या कण्याकडे जाणारा मेंदूचा देठ. देठाचे काम श्वास, हृदयाचे ठोके, झोप आणि जाग सांभाळण्याचे. लहान मेंदू तोल आणि हालचालीतला नेमकेपणा राखतो. दारू प्यायलेल्या माणसाचे पाऊल वाकडे पडते, त्याचे एक कारण दारूचा लहान मेंदूवर होणारा परिणाम हे आहे.

मोठ्या मेंदूचे डावे आणि उजवे असे दोन अर्धे भाग, आणि प्रत्येकाचे मुख्य चार खंड. डोक्याच्या मागच्या बाजूला पाहण्याचे काम चालते. डोळे पुढे असले तरी दृष्टी मागे घडते. कानाच्या वरच्या बाजूचा खंड ऐकणे, बोललेले समजणे आणि स्मरण यांत गुंतलेला. टाळूच्या मागचा खंड स्पर्श जाणतो आणि आपले शरीर कुठे, वस्तू कुठे, याचा हिशेब ठेवतो. कपाळामागचा खंड सर्वांत मोठा. हालचालीचे हुकूम तेथून सुटतात, आणि योजना आखणे, मन आवरणे, बरेवाईट तोलणे ही कामेही मुख्यतः तेथेच होतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा मेंदू डावी. म्हणून अण्णांचा उजवा हात गेला तेव्हा दुखापत डाव्या मेंदूला झालेली होती. बहुतेक माणसांत बोलण्याची मुख्य व्यवस्थाही डावीकडेच असते. म्हणून हात आणि वाचा ही दोन्ही एकाच झटक्यात गेली.

एकाच शब्दाचा माणूस

अण्णांसारखाच एक माणूस पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात होऊन गेला. त्याचे आडनाव लबोर्न्य. तिशीच्या सुमारास त्याचे बोलणे गेले आणि पुढची एकवीस वर्षे त्याच्या तोंडून 'टॅन' हा एवढाच उच्चार निघे, बहुधा दोनदा, 'टॅन टॅन'. त्यामुळे लोक त्याला त्याच नावाने हाक मारत. पण त्याला विचारलेले कळत असे. संख्या विचारली तर तो बोटांनी दाखवी. १८६१ साली तो मरण पावला. त्यापूर्वी काही दिवस त्याला तपासणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या खंडात, खालच्या अंगाला इजा सापडली. त्या जागेला पुढे ब्रोका यांचे नाव मिळाले.

१८७४ साली जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार मांडला. डाव्या कानाच्या वरच्या, थोड्या मागच्या भागाला इजा झाली तर माणूस भराभरा बोलतो, पण बोलण्याला अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला नीट कळत नाही. म्हणजे बोलणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक जाते तेव्हा दुसरी शिल्लक असू शकते. आपण मात्र बोलता न येणाऱ्याला चटकन बहिरा ठरवतो, नाहीतर वेडा.

अण्णांच्या पत्नीने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. स्वतःचे नाव सांगता न येणारे अण्णा संध्याकाळी सर्वांबरोबर वंदना म्हणायला बसले, की ती न अडखळता म्हणत. शेजाऱ्यांना त्यात चमत्कार वाटे. चमत्कार नाही. वर्षानुवर्षे पाठ झालेल्या ओळी, गाणी, एक ते दहा अंक हे मेंदू वेगळ्या वाटांनी उच्चारतो. स्वतः विचार करून नवे वाक्य जुळवण्याची वाट बंद झाली तरी या जुन्या वाटा पुष्कळदा उघड्या राहतात. वाचा गेलेल्या रुग्णांना गाण्याच्या आधाराने बोलते करण्याचा एक उपचारही यावर उभा आहे.

स्वभाव कुठे राहतो?

आता स्वभावाकडे येऊ. आपण म्हणतो, स्वभावाला औषध नाही. पण स्वभावाला जागा आहे का?

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. फिनियस गेज हा पंचवीस वर्षांचा मुकादम भोकात सुरुंगाची दारू ठासत होता. ठिणगी उडाली, स्फोट झाला, आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कपाळाच्या वरून आरपार निघाली. गेज मेला नाही. थोड्याच वेळात तो बोलू लागला, बैलगाडीत बसून गावात आला. जॉन हार्लो या डॉक्टरांनी त्याची शुश्रूषा केली आणि काही महिन्यांत तो हिंडूफिरू लागला.

पण हार्लो यांनी १८६८ साली लिहून ठेवले, की अपघातापूर्वी शांत, व्यवहारी, ठरवलेले काम तडीस नेणारा हा माणूस नंतर लहरी, उतावळा आणि शिवराळ झाला. बेत करायचा आणि लगेच सोडून द्यायचा. कंपनीने त्याला मुकादमाची जागा परत दिली नाही. मित्र म्हणू लागले, हा आता आमचा गेज नव्हे. हात चालतात, पाय चालतात, बोलणे शाबूत आहे, स्मरण आहे, पण मनाचा लगाम सुटला. कपाळामागचा पुढचा भाग हा लगाम धरतो, याकडे डॉक्टरांचे लक्ष वेधणारी ही फार मोठी घटना ठरली.

ही हकिकत बहुतेक जण येथेच संपवतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १८५२च्या सुमारास गेज दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि काही वर्षे त्याने तेथे प्रवाशांची घोडागाडी हाकली. हे काम वेळेवर उठण्याचे, घोड्यांची निगा राखण्याचे, प्रवाशांशी बोलण्याचे आणि रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे. बेलगाम माणसाला हे जमले नसते. तेव्हा अलीकडचे अभ्यासक म्हणतात, की रोजच्या नियमित कामाच्या आधाराने गेज बराच सावरला असावा. १८६० साली त्याला फिट्स येऊ लागल्या आणि त्यातच त्याचे निधन झाले.

यातून आपण काय घ्यावे? आपल्या वस्त्यांत, आपल्या नात्यांत असे लोक असतात. मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मार लागला, जखम भरली, आणि मग घरचे म्हणू लागले, "हा पूर्वीसारखा राहिला नाही, चिडतो, पैसे उधळतो, मुद्दाम करतो." कोणी म्हणते करणी झाली, कोणी म्हणते बायकोने बिघडवला. अशा वेळी बायकोला बोल लावू नका आणि भगताकडेही जाऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. आणि तरुण मित्रांनो, हेल्मेट पोलिसांसाठी घालायचे नसते. पाय मोडला तर जोडता येतो. स्वभावाला प्लास्टर घालता येत नाही.

स्मरण आणि भीती

तिसरी गोष्ट हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाची. त्याला तीव्र फिट्स येत. १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढण्यात आला. त्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा बराचसा अंश होता. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण धरून ठेवण्याची शक्ती गेली. लहानपणीचे आठवे, पण आताच भेटून गेलेला माणूस परत आला तर तो नवखा वाटे. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, पण हे काम आपण काल केले होते याचा त्याला पत्ताच नसे. म्हणजे पाठांतराची आठवण वेगळी आणि हाताच्या सवयीची आठवण वेगळी. २००८ साली त्याचे निधन झाले. आज स्मरणशक्तीबद्दल जे शास्त्र आहे, त्याच्या पायात या साध्या माणसाचे पंचावन्न वर्षांचे सहकार्य आहे.

हिप्पोकॅम्पसच्या शेजारीच बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला. भीती आणि धोक्याची जाणीव यांत त्याचा मोठा वाटा असतो. अंधारात दोरी दिसली की आपण आधी दचकतो आणि मग दोरी आहे हे कळते. दचकवणारी व्यवस्था जलद आहे, समजून घेणारी सावकाश. कपाळामागचा भाग मागून येऊन सांगतो, "थांब, दोरी आहे." हा आवरणारा भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा राग अनावर होतो तेव्हा तो वाईट आहे असे लगेच ठरवू नये. त्याचा लगाम अजून घडतो आहे. मात्र विद्यार्थी मित्रांनो, याचा अर्थ मोकळे रान असा नाही. लगाम वापरूनच घडतो.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांसाठी एक सूचना. दिवसा वाचलेले पक्के होण्याच्या कामात झोपेचा मोठा हात असतो. रात्रभर जागून वाचणे म्हणजे जमा केलेला धनादेश वटण्याआधीच खाते बंद करणे.

मोजणारे आणि मोजले गेलेले

येथवर ऐकून कोणाला वाटेल, की मेंदू म्हणजे पोस्टातल्या खणांचे कपाट आहे. या खणात राग, त्या खणात गणित. तसे नाही. कोणतेही काम मेंदूचे अनेक भाग मिळून करतात. एक वाक्य वाचायचे तर मागचा भाग पाहतो, बाजूचा अर्थ लावतो, पुढचा लक्ष धरून ठेवतो. डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत, म्हणून माणसेही दोन प्रकारची, असे जे सांगतात तेही खरे नाही. २०१३ साली अमेरिकेत एक हजारांहून अधिक लोकांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा असे डाव्या मेंदूचे आणि उजव्या मेंदूचे दोन गट आढळले नाहीत. आपण मेंदूचा दहा टक्केच भाग वापरतो, हीसुद्धा अफवाच आहे.

पण खणांच्या कपाटाची ही कल्पना फक्त चुकीची नव्हती, ती घातकही होती. एकोणिसाव्या शतकात कवटीचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगणारे लोक युरोपभर होते. टॅनच्या मेंदूत वाचेची जागा दाखवणारे तेच ब्रोका कवट्या मोजून, मेंदू तोलून कोणता मानववंश श्रेष्ठ आणि कोणता कनिष्ठ हे ठरवू पाहत होते. स्त्रीचा मेंदू हलका म्हणून तिची बुद्धी कमी, असाही अर्थ ते काढत. एका हाताने खरे शास्त्र आणि दुसऱ्या हाताने समाजाचा जुनाच समज! मोठ्या माणसाचीही अशी फसगत होते.

ही मोजपट्टी आपल्या देशातही आली. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने लोकांची डोकी आणि नाके मोजली, आणि नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता लावता येते असा सिद्धांत मांडला. १९०१च्या जनगणनेची सूत्रे त्याच्याकडे होती. या मापांना कोणी उत्तर दिले? बाबासाहेबांनी. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी ही मापेच हातात घेतली आणि दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा आहे असे या आकड्यांवरून मुळीच सिद्ध होत नाही. अस्पृश्यतेचे मूळ रक्तात किंवा हाडांत नाही. ते समाजाच्या इतिहासात शोधले पाहिजे. मोजणाऱ्यांच्याच पट्टीने मोजणाऱ्यांना उत्तर, असे हे काम आहे. विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावे.

आज कोणी उघडपणे डोकी मोजत नाही. पण नव्या रूपात तेच चालू आहे. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याच्या मेंदूचा कोणता भाग किती बळकट, तो इंजिनीअर होईल की गायक, हे सांगणारे लोक हजारो रुपये घेतात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच ठरतात आणि त्यांवरून बुद्धी किंवा कल सांगता येतो याला शास्त्रीय आधार नाही. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली मुले डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात असे दाखवतात. ती नाकाच्या कडेच्या फटीतून पाहत असतात. मध्यमेंदू हा देठाच्या वरच्या टोकाचा छोटासा भाग आहे आणि तो जन्मापासून काम करतच असतो. तो बंद असता तर मूल जागेच झाले नसते. मी काउंटरवर बसतो, म्हणून सांगतो. मुदत ठेव मोडून अशा वर्गांची फी भरणारे पालक मी पाहिले आहेत. ते पैसे पुस्तकांना लावा.

अंगठा आणि सही

शेवटी माझ्या घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

माझी आई पस्तिशीपर्यंत अंगठाबहाद्दर होती. साक्षरता अभियानात आमच्या वस्तीत रात्रीचा वर्ग निघाला आणि दिवसभर मजुरी करून ती तेथे पाटी घेऊन बसू लागली. १९९२ साली मी पाचवीत होतो. त्या वर्षी माझ्या प्रगतिपुस्तकावर तिने पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली. गुरुजींनी ती वाकडी अक्षरे पाहिली आणि म्हणाले, "ही सही तूच केलीस. खोटं बोलू नकोस." मला वर्गाबाहेर उभे केले. दुसऱ्या दिवशी आईने मजुरीचा खाडा केला, शाळेत आली, आणि सर्वांसमोर त्याच पानावर पहिल्या सहीखाली दुसरी सही केली. तिला त्यासाठी बराच वेळ लागला. वर्ग गप्प होता. गुरुजीही.

तेव्हा लोक म्हणत, पिकल्या घड्याला कान जडत नाहीत, या वयात डोक्यात काय शिरणार? आज शास्त्र त्याचे उत्तर देते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरता नव्हता. खोलवर असलेल्या, दृष्टीच्या वाटेवरच्या जुन्या केंद्रांचे वरच्या थराशी चालणारे काम अधिक एकसुरात येऊ लागले होते. तिशीतल्या स्त्रिया, सहा महिने, आणि आपलीच बाराखडी!

लंडनच्या टॅक्सीचालकांचेही असेच. तेथे परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्याला तीन-चार वर्षे जातात. २००० साली त्या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. मग शंका निघाली, की मोठा असणारेच चालक होत असतील. म्हणून शिकाऊ उमेदवारांना आधी आणि नंतर तपासले. २०११ साली निष्कर्ष आला. सुरुवातीला सर्व सारखेच होते. अभ्यास पुरा करून परवाना मिळवणाऱ्यांतच तो भाग वाढला.

तेव्हा मेंदूचे भाग आपला स्वभाव घडवतात हे जेवढे खरे, तेवढेच आपण रोज जे करतो त्याने मेंदूचे भाग घडतात हेही खरे. अमुक घरात जन्मला म्हणून अमुक मेंदू, हे खरे नाही. मात्र यालाही मर्यादा आहे. नुसत्या जिद्दीने सगळे होते असे मी म्हणणार नाही. अण्णांची वाचा त्यांच्या जिद्दीने पुरती परत आली नाही. तेथे हवे होते ते वेळेवर उपचार, बोलण्याचे शिक्षण देणारा तज्ज्ञ, आणि समोरच्या माणसाला थोडा धीर. म्हणून लक्षात ठेवा. अचानक चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात गळून पडला, बोलणे अडखळले, तर ते उतरण्याची वाट पाहू नका, मालीश करत बसू नका. तडक मोठ्या रुग्णालयात न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि जितके लवकर तितका मेंदू वाचतो.

बंधूभगिनींनो, माझ्या आईची वाकडी सही एका गुरुजींनी खोटी ठरवली, म्हणून मी तीस वर्षे मनात राग धरला. आणि त्याच आईच्या मुलाने रात्रभर गिरवून आणलेली एका आजारी माणसाची वाकडी सही काउंटरवरून परत केली. पुढे मी अण्णांच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी माझा हात डाव्या हातात धरला आणि म्हणाले, "बरं बरं." या वेळी मला ते समजले.

अण्णा आज नाहीत. पण तेव्हापासून माझ्या काउंटरवर कोणी अडखळले तर मी आवाज चढवत नाही. खुर्ची पुढे करतो आणि थांबतो. आज ज्यांचा गौरव झाला त्या मुलामुलींपैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी शिक्षक, कोणी माझ्यासारखे काउंटरवर बसेल. तुमच्यासमोर वाकडी सही घेऊन कोणी आले, तर ती करायला त्याला किती कष्ट पडले असतील, हे आधी विचारा.



जय भीम!